इरुपमेट्याची शीव

चंद्रपूर

“बाई, तिकडे काऊन जाऊन राह्यल्या तुम्ही? पंधरा ऑगस्ट तर तुमच्या नगरातही येते ना!”

चंद्रपूरला एका रात्रीपुरती मी ज्यांच्याकडे उतरले होते, त्या वत्सलाबाईंनी वडाभात वाढता वाढता हे विचारलं. आमच्याकडे वडा आणि भात एका ताटात येतात ते शेजारी शेजारी. इथे वडे भातावर कुस्करतात आणि वरून मिरची-हिंगाचं कडकडीत तेल ओततात. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे उत्तर टाळायला निमित्त मिळालं.

खरं उत्तर लांबलचक होतं. मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. तीन पिढ्यांचं आमचं ख्रिस्ती घर. इतक्या वर्षांत पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ उभं राहून दोन शब्द बोलायला मला कोणी सांगितलं नाही. अडवलं कोणीच नाही, फक्त बोलावलं नाही. एका वर्षी झेंडावंदन झाल्यावर शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी हसत म्हणाले, “करुणाबाई, आज तुमचे साहेब गेले. तुम्हाला वाईट वाटत असेल.” सगळे हसले, आणि मीही हसले. माझे आजोबा याच देशासाठी तुरुंगात गेले होते, हे मी तेव्हा सांगितलं नाही. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

निवृत्त झाल्यावर आलेल्या पहिल्या जुलैत सुवार्ताचा फोन आला. ही माझी जुनी विद्यार्थिनी. आईवडील मराठवाड्यातून जिवतीच्या डोंगरावर जाऊन राहिलेले. मुलगी शिकावी म्हणून त्यांनी तिला नगरच्या वसतिगृहात ठेवलं. आता चाळिशीची सुवार्ता एटापल्लीच्या पुढे जंगलातल्या आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे. “बाई, पंधरा ऑगस्टला आमच्या इरुपमेट्याले या. तुम्ही बोलाल झेंड्याजवळ.” एवढंच म्हणाली आणि मी तिकीट काढलं.

वत्सलाबाईंना मी म्हटलं, “बोलावलंय.”

“मग जा,” त्या म्हणाल्या, “बोलावल्यावर नाई म्हणू नये,” आणि वाटेसाठी मला चार वडे बांधून दिले.

एटापल्लीच्या पुढे, तेरा ऑगस्ट

एटापल्लीच्या स्टँडवर सुवार्ता उभी होती. तीच उंची, तेच मोठे डोळे, कडेला थोडे पांढरे केस. वर्गात जोडायची तसे हात जोडून म्हणाली, “बाई, तुम्ही बारीक झाल्या.” मी म्हटलं, “तू जाड झालीस.” एवढ्यावर आमची जुनी ओळख पुन्हा जुळली.

पुढचा रस्ता अन्वरभाईंच्या जीपने. अन्वरभाईंचं एटापल्लीत किराणा दुकान आहे, वडिलांपासूनचं. आठवड्यातून दोनदा ते मीठ, तेल, साबण, कांदे घेऊन आतल्या गावांना जातात आणि येताना हिरडा, डिंक, मोहाच्या टोळ्या म्हणजे बिया घेऊन येतात. आज मागे एका पत्र्याच्या डब्यात बुंदी होती, इरुपमेट्याच्या झेंड्याची.

“पहले इधर इस दिन काला कपडा लटकता था, बाई,” जीप चालवता चालवता ते सांगत होते. “शाळेवर, झाडावर. जंगलवाले लावायचे, नक्षलवाले, आन् लोकं दार लावून बसायचे. मी पण दुकान बंद ठेवायचो. आता गाववाले स्वतःहून बुंदी मागवतात. मेरा बाप देखता तो रोता.”

ऑगस्टातलं ते जंगल! आमच्याकडे डोंगर म्हणजे दगड, आणि पावसाळ्यात त्यावर चार महिन्यांची हिरवी पातळ चादर. इथे हिरव्याला तळ नाही. साग, येन, मोह, बांबू, आणि त्यांच्या मधून मध्येच एखादी धानाची बांधी. बांधी म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा. बांध्यांमध्ये बाया कमरेत वाकून रोवणा म्हणजे भाताची लावणी करत होत्या, प्रत्येक बांधीत वीस-पंचवीस जणी. मी म्हटलं, एवढ्या मजूर बाया मिळतात इथे? सुवार्ता हसली. “मजूर नाई बाई. गावच आहे ते. आज याच्या बांधीत, उद्या त्याच्या. कोणा एकट्याच्यानं रोवणा होत नाई.”

मग ती म्हणाली, “बाई, मी तुम्हाला सगळं सांगितलं नाई फोनवर.”

जे सांगितलं ते असं. इरुपमेट्यात साठेक घरं. बाकी सगळी आपल्या जुन्या धर्माची, सात घरं ख्रिस्ती. इतकी वर्षं कुणाचं कुणाला खुपलं नव्हतं. यंदा झेंडा कोणी चढवायचा हे ग्रामसभेने उन्हाळ्यातच ठरवलं होतं: सोमरीबाईंनी. सोमरीबाई विधवा, साठीच्या, त्या सात घरांतल्या. पण मधल्या काळात कोणीतरी शहरात सांगितलं की, देव बदललेली माणसं हक्कदारांच्या यादीत राहिली तर गावाचा जंगलावरचा हक्कच जाईल. तेव्हापासून वातावरण फिरलं. आता चौदाला ग्रामसभा होती, आणि विषय एकच होता. सात घरांनी जंगल समितीत बसायचं की नाही, आणि झेंड्याला सोमरीबाईंनी हात लावायचा की नाही.

“कोणी भांडलं नाई, शिवी नाई दिली,” सुवार्ता म्हणाली. “फक्त सोमरीबाईच्या बांधीत यंदा रोवण्याले कोणी आलं नाई. पऱ्हे, म्हणजे लावायची धानाची रोपं, वाढून चाललेत. अजून चार दिवस गेले तर ते लावण्याच्या कामाचे राहणार नाईत. मग वर्षभर काय खाईल?”

“आणि मी येऊन काय करणार?”

“मले माहीत नाई, बाई. मले वाटलं, आपलं कोणीतरी मोठं असावं.”

गावाच्या अलीकडे नाल्यावरच्या रपट्यावरून पाणी वाहत होतं. रपटा म्हणजे पाण्यातून जायचा ठेंगणा सिमेंटी रस्ता. अन्वरभाईंनी जीप थांबवली, काठाजवळ पाण्याखाली गेलेल्या काळ्या दगडाच्या जागेकडे बोट केलं आणि म्हणाले, “तो दिसला की जाऊ.” दीड तास आम्ही दगड दिसायची वाट पाहिली. वत्सलाबाईंचे वडे तिथेच संपले. शेवटी दगडाचं टोक दिसलं, पण अन्वरभाई म्हणाले गाडी नको, चालत जा, सामान मी आणतो. सुवार्ताचा हात धरून मी गुडघाभर पाण्यात उतरले आणि चौथ्या पावलाला माझी डाव्या पायाची चप्पल निघून गेली. नगरच्या दुकानातून खास प्रवासासाठी घेतलेली. मी ती उलटीपालटी होत जाताना पाहिली. दुसरी हातात घेऊन पलीकडे आले आणि मग तिचा काय उपयोग म्हणून तीही सोडून दिली.

सोमरीबाईंच्या अंगणात मी पोचले ती अनवाणी, घोट्यापर्यंत चिखल, एका अंगठ्यातून रक्त. सोमरीबाई दारातच उभ्या होत्या: बारीक अंगकाठी, कपाळावर आणि हातांवर गोंदण, गळ्यात मण्यांची माळ आणि त्यात एक छोटा लाकडी क्रूस. “जोहार,” त्या म्हणाल्या आणि मला बाजेवर बसवून पितळी परातीत ऊन पाणी घेऊन आल्या. मला वाटलं पाय धुवायला पाणी दिलं. मी वाकणार तोच त्या खाली बसल्या आणि माझा पाय हातात घेऊन धुऊ लागल्या.

मी पाय ओढला. “अहो बाई, हे काय!”

“राहू दे,” त्या म्हणाल्या. त्यांची मातृभाषा माडिया, पण मराठी कामापुरती चांगली होती. “मले सवय हाय.”

सात घरांतल्या बहुतेकांनी ख्रिस्ती का व्हावं, याची उत्तरं सुवार्ताने वाटेत दिली होती. सोमरीबाईंचं मी त्यांनाच विचारलं. त्या अंगठ्याला हळद लावत म्हणाल्या, “माह्या नवऱ्याले ताप होता. मी त्याले दवाखान्यात पाठीवर नेलं, दोन दिवस चालून. तो नाई वाचला. दवाखान्यातून परत येताना एका गावात एक म्हातारा उपदेशक राहे. त्यानं माह्ये पाय पाह्यले. फुटलेले. काही बोलला नाई. पाणी आणलं आन् धुतले. मी विचारलं, काऊन? तो म्हणे, माह्या देवानं असेच धुतले होते लोकांचे. मले तो देव आवडला.” हळदीचा हात त्यांनी लुगड्याला पुसला. “तोवर माह्ये पाय कोणी धुतले नव्हते.”

जेवायला भात, बांबूच्या कोंबांची म्हणजे वास्त्यांची आंबटसर भाजी, आणि सात्या. पावसाळ्यात वारुळांजवळ उगवणारी ही पांढरी अळिंबी आमच्या बाजारातल्या पाकिटातल्या अळिंबीची मोठी बहीण म्हणावी अशी. मी दोनदा वाढून घेतलं. नंतर लक्षात आलं की सोमरीबाईंच्या पानात भाजी जवळजवळ नव्हतीच.

चौदा ऑगस्ट

सकाळी त्यांच्या प्रार्थनाघरात गेलो. कुडाच्या भिंती, वर पत्रा, बसायला बांबूच्या चटया. नगरच्या आमच्या चर्चमध्ये उंच दगडी कमान आहे, लाकडी बाकं आहेत, आणि कोण कुठल्या बाकावर बसतं हे ठरलेलं आहे. इथे सात घरांतली तीसेक माणसं, एक ढोल आणि माडियातली गाणी. शब्द एक कळत नव्हता, पण मध्येच “येशू” आला की माझेही ओठ हलत.

प्रार्थना सोमरीबाईंनी केली. सुवार्ता माझ्या कानाशी मराठीत सांगत होती. पावसासाठी, धानासाठी, देशासाठी. मग एक नाव आलं, देवू. “देवूच्या डोक्यातली भीती काढ, त्याला नीट झोप लागू दे.”

“देवू कोण?” मी नंतर विचारलं.

“तोच,” सुवार्ता म्हणाली. “समितीचा सचिव. विषय त्यानंच मांडलाय.”

देवू मला दुपारी गोटुलात दिसला. गोटुल म्हणजे गावाचं सभाघर, चारी बाजूंनी उघडं, कौलांचं. तिशीचा तरुण, चंद्रपूरला शिकून आलेला, पांढरा शर्ट, मांडीवर निळी फाइल. मी मनात त्याचं एक चित्र केलं होतं, उर्मट माणसाचं. ते पहिल्या पाच मिनिटांतच पुसावं लागलं. त्याने मला उठून जोहार केला, बसायला चटई पुढे सरकवली, आणि मगच तो बोलायला उभा राहिला.

“मले सोमरीमायशी भांडण नाई,” तो म्हणाला. माझ्यासाठी तो मुद्दाम मराठीत बोलत होता आणि मध्येच माडियात जात होता. “मी लहान असताना हिच्याच घरी जेवलो. पण शहरात लोक काय बोलतात ते मी ऐकून राह्यलो. म्हणतात, ज्यानं देव सोडला त्यानं जात सोडली. उद्या साहेब म्हणेल, तुमच्या यादीत हे लोक हाय, तर तुमचा हक्क रद्द. मग हे जंगल कोणाचं? आपल्या बापजाद्यांनी मार खाल्ला यासाठी. आन् दुसरं. पंडुमाले हे लोक येत नाईत, वाटा देत नाईत. आज पेन सोडला, उद्या जंगल सोडतील.”

पेन म्हणजे त्यांचा देव, पंडुम म्हणजे सण. हे मला तोवर कळायला लागलं होतं. त्याचं बोलणं ऐकून माझा राग थोडा उतरला, कारण ती खरोखरच भीती होती. आपल्याला यादीतून काढतील याची भीती मला परकी नव्हती.

सभेच्या मध्यावर चैतूदादा बसले होते. हे गावचे भूमिया, म्हणजे देवांचे पुजारी आणि वडीलधारे. ऐंशीच्या पुढचे असावेत. धोतर, उघडी छाती, तोंडात तंबाखू. ते सुवार्तामार्फत मला म्हणाले, “पाहुणी दूरून आली. तिलेही देव बदललेल्यांतली म्हणतात. तिनं सांगावं.”

मी नगरहून चार पानांचं भाषण लिहून आणलं होतं. त्यात बरेच मोठे शब्द होते. ते काढायला हात पिशवीकडे गेला आणि मागे आला. मी आजोबांची गोष्ट सांगितली.

आजोबा खेड्यातल्या मिशनच्या शाळेत मास्तर होते. चळवळीच्या काळात खादी घालायला लागले. गोऱ्या साहेबाने बजावलं, हे सोड नाहीतर नोकरी सोड. आजोबा म्हणाले, ज्या देवाने मला माणूस म्हणून ताठ उभं राहायला शिकवलं, त्याच्याच नावाने तुम्ही मला वाकायला सांगता, ते मला जमणार नाही. मिरवणुकीत झेंडा धरला म्हणून ते तुरुंगात गेले. तिथेही रोज सकाळी प्रार्थना करायचे, आणि बाकीचे कैदी त्यांना चेष्टेने पाद्री म्हणायचे, पण कोणी आजारी पडलं की त्यांनाच हाक मारायचे.

ही गोष्ट मी नगरात ज्यांना ज्यांना सांगितली, त्या सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता: किती महिने होते तुरुंगात? चैतूदादांनी तंबाखू थुंकून वेगळाच प्रश्न विचारला.

“सुटून आल्यावर त्याच्या गावानं त्याले परत घेतलं का?”

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता. उत्तर मात्र माहीत होतं.

“नाही,” मी म्हणाले. “मिशनने शाळेतून काढलेलं होतं. आणि गाव म्हणालं, तू तर तिकडचा. दोन्हीकडून दार बंद झालं. मग आजोबा आजीला घेऊन शहरात आले आणि वखारीत हिशेबनिसाचं काम करून जगले. गावाकडे पुन्हा गेले नाहीत.”

सुवार्ताने हे माडियात सांगितलं. एका म्हातारीने जीभ टाळूला लावून ‘च्च’ केलं, आमच्या आज्या करायच्या अगदी तसं.

मग चैतूदादा देवूला म्हणाले, “पूर्वेची शीव सांग.”

देवूने फाइल उघडली.

“कागद बंद कर. तोंडानं सांग.”

देवूने दोन-तीन खुणा सांगितल्या आणि अडखळला. त्याचे कान लाल झाले. चैतूदादांनी मान वळवली. “सोमरी.”

सोमरीबाई बायांच्या रांगेत होत्या. उभ्या राहिल्या नाहीत, बसूनच बोलू लागल्या. डोळे मिटलेले. सुवार्ता मला सांगत होती, पण थोड्याच वेळात तिची गरज उरली नाही, कारण बोलण्याला चालण्याची लय होती. नाल्याच्या वळणापासून वर. येनाच्या दोन झाडांमधून. अस्वलाची कपार. पांढरा दगड. चैतूदादांच्या वडिलांच्या नावाने उभा केलेला दगड. प्रत्येक खुणेनंतर म्हाताऱ्यांपैकी एकजण ‘हं’ म्हणे. मग दोघे, मग सगळेच. देवूने फाइल पुन्हा उघडली होती आणि नकाशावर त्याचं बोट सोमरीबाईंच्या आवाजामागून चाललं होतं.

मग त्या थांबल्या आणि मराठीत म्हणाल्या, “इथी पेनाची राई. इथून वळसा.”

देवूचं बोटही थांबलं. “हो,” तो नकळत म्हणाला. “इथी रेघ वाकडी हाय. सगळी शीव सरळ, आन् इथीच बाहेर गेली. मले वाटे, मोजणाऱ्याची चूक हाय.”

“चूक नाई,” सोमरीबाई म्हणाल्या. “तू चंद्रपूरले होता तवा. मोजणीले साहेब आला यंत्र घेऊन. बाकीच्यांले ताप होता, चैतूदादाही पडून होते, तर मी वाट दाखवाले गेली. साहेब म्हणे, सरळ जाऊ, पाऊस येऊन राह्यला. सरळ गेला असता तर अर्धी राई शेजारच्या गावात जात होती. मी म्हटलं, इथून नाई. इथी आमच्या गावचा पेन राह्यते. बाहेरून चला. तो चिडला. मी वाटेत बसली. तो मग वळसा घालून गेला.”

“पण तू तर तवा...” देवू बोलता बोलता थांबला.

“तवा मी प्रार्थनेत जात होती, चार साल झाले होते,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तो माह्या गावचा देव हाय, देवू. मी त्याची पूजा नाई करत. माह्या देवाले मी वचन देलं हाय. पण त्याच्या राईले कुऱ्हाड नाई लावत, आन् लावू पण नाई देत.”

मी इतिहासाची बाई. सनद, करार, तह असे शब्द आयुष्यभर शिकवले. पण त्या फाइलमधली वाकडी रेघ पाहिली आणि वाटलं, माझ्या देशाचा यापेक्षा मोठा कागद मी पाहिलेला नाही. एका ख्रिस्ती बाईने दुसऱ्यांच्या देवासाठी सरकारी रेघ वाकवली होती, आणि ती तशीच शिक्का मारून कायम झाली होती. कुणाला अभिमान कशाचा वाटावा ते सांगता येत नाही. मला त्या रेघेचा वाटला.

पुढचं बोलणं कामाचं झालं, बराच वेळ. कोणी म्हणालं, पंडुमाचा वाटा द्या. सात घरांतला एकजण म्हणाला, बळीचा नाही देणार, पण जेवणाचे तांदूळ देऊ आणि मांडव घालायला येऊ. चैतूदादा म्हणाले, देवाले कोंबडा मी देतो, तो माह्यं काम. गाव जेवलं पाहिजे, ते सगळ्याचं काम. जुन्या धर्माच्या एका बाईने विचारलं, कायद्याने खरंच हक्क जाईल का? देवूने कबूल केलं की त्याने कागदावर तसं कुठे वाचलेलं नाही, फक्त ऐकलं होतं.

एकेकाला विचारलं गेलं. इथे हात मोजत नाहीत. सगळ्यांचं ‘हो’ लागतं. हो, हो, हो, करत ते देवूपर्यंत आलं आणि थांबलं. तो खाली पाहत राहिला. कोणी त्याच्यावर ओरडलं नाही, ढकललं नाही. आमच्याकडे असतं तर बहुमताने ठराव होऊन एव्हाना चहा आला असता.

“एक ‘हो’ बाकी हाय,” चैतूदादा उठत म्हणाले. “सभा संपली नाई. सकाळी.”

पंधरा ऑगस्ट

सकाळी पाऊस थांबला होता. गोटुलासमोर सरळ बांबू उभा केलेला, बुंध्याशी शेणाने सारवलेलं, तांदळाच्या पिठाची रेघ. मुली शाळेच्या गणवेशात, बाया धुतलेल्या लुगड्यांत. सोमरीबाई पांढरं लुगडं नेसून गर्दीच्या शेवटी उभ्या होत्या, जणू त्यांचा तिथे काही संबंध नाही. सुवार्ता माझा हात घट्ट धरून होती.

देवू आला. दोन्ही हातांवर घडी घातलेला झेंडा, लहान मूल धरावं तसा. तो सरळ चैतूदादांपाशी गेला.

“माह्यं हो हाय,” तो म्हणाला. “पण एक अट हाय.”

सुवार्ताची बोटं माझ्या हातात रुतली.

“रोवणा झाल्यावर सोमरीमायनं मले पायी शीव फिरवावी. सगळी. मले कागदावरची येते, पायाची येत नाई. मी सचिव हाय आन् मले शीव येत नाई, याची मले काल लाज वाटली.”

चैतूदादा हसले तेव्हा कळलं की त्यांना एकच दात आहे. त्यांनी आधी बांबूच्या बुंध्याशी आपल्या पद्धतीने मोहाच्या दारूचे चार थेंब सोडले, काहीतरी पुटपुटले आणि बाजूला झाले. मग सोमरीबाई पुढे आल्या. त्यांनी डोळे मिटून, हात जोडून आपली प्रार्थना केली. कोणालाच घाई नव्हती. दोन्ही झाल्यावर देवूने झेंडा बांधला, दोरी त्यांच्या हातात दिली आणि दोन पावलं मागे जाऊन ताठ उभा राहिला.

झेंडा वर गेला आणि उघडला.

राष्ट्रगीत मी हजार वेळा म्हटलं असेल, मुलांना ‘ताठ उभे राहा’ म्हणून दटावत. त्या दिवशी ‘विंध्य’ला मी थांबले आणि पुढच्या दोन ओळी सुवार्तानेच म्हटल्या. समोर एक म्हातारा आणि एक बाई उभे होते, देव वेगळे, आणि दोघांची मान एकाच कापडाकडे वर. आजोबा कशासाठी तुरुंगात गेले, ते मला पाठ होतं. कसं दिसायला हवं होतं, ते पहिल्यांदा दिसलं.

मला बोलायला सांगितलं. मी एवढंच म्हणाले, “मी तुमच्या गावात आले आणि माझा देश मला दिसला. जोहार.” एकतीस वर्षं थांबलेलं भाषण दोन वाक्यांत संपलं आणि मला काही उणं वाटलं नाही. बुंदी वाटली गेली, पानाच्या द्रोणात.

मला वाटलं, आता गाणी होतील, जेवण होईल. पण चैतूदादांनी हातातला द्रोण चाटून साफ केला आणि आभाळाकडे पाहत माडियात काहीतरी म्हणाले. गर्दी हलली. बाया लुगडी खोचू लागल्या.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

सुवार्ता रडत होती, म्हणून सांगायला तिला वेळ लागला. “म्हणाले, पऱ्हे म्हातारे होऊन राह्यलेत. सोमरीच्या बांधीत चला.”

चाळीसेक माणसं एका रांगेने निघाली. मीही साडी वर खोचून, सुवार्ताच्या उसन्या चपला बांधावर काढून चिखलात उतरले. देवू फाइल घरी ठेवून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आला आणि काही न बोलता सोमरीबाईंच्या शेजारच्या ओळीत वाकला. त्यांनी त्याच्या हातात पऱ्ह्यांची एक पेंडी दिली. तीन रोपं धरायची, अंगठ्याने चिखलात दाबायची, एक वीत सोडून पुढची. दिसायला सोपं, पण माझी कंबर दहा मिनिटांत बोलू लागली. मागे वळून पाहिलं तर बाकीच्यांच्या ओळी दोरी धरल्यासारख्या आणि माझी नाल्याच्या वळणासारखी.

मी ती उपटून सरळ करायला वाकले, तेवढ्यात सोमरीबाईंनी माझा हात धरला.

“राहू दे, बाई,” त्या म्हणाल्या. “वाकडं लावलं तरी धान वरच येते.”